तेवीस रिकामी घरं

टोरांटोजवळच्या मिल्टनच्या लायब्ररीत, पुस्तकं परत करायच्या खिडकीशेजारी एक बोर्ड आहे. २०१६ च्या सप्टेंबरात त्यावर हातानं लिहिलेला एक कागद लागला होता. इंग्रजीत होता. अर्थ असा: 'गिटार, व्हायोलिन आणि चेलो या तिघांना व्हायोला वाजवणारी व्यक्ती हवी आहे. फार चांगलं वाजवता आलं नाही तरी चालेल. मोजता आलंच पाहिजे.'

मी तो कागद दोनदा वाचला. मला मोजता येतं. ग्वेल्फच्या एका प्रयोगशाळेत मी वजनकाटे तपासते. कुठला काटा किती चुकतो ते ठरवून त्यावर सही करणं हे माझं काम. घरीही मी जिन्याच्या पायऱ्या मोजत चढते आणि ग्रोसरीच्या पिशव्या मोजत उतरवते. नवरा म्हणतो, "मनातलं जरा हळू मोज." मला तो विनोद वाटायचा.

व्हायोलिन मी सांगलीला शाळेत असताना सात वर्षं शिकले होते, मांडी घालून, आपल्या पद्धतीनं. त्यानंतर चोवीस वर्षं ते कपाटात होतं. व्हायोला म्हणजे त्याचा थोरला भाऊ, आकारानं मोठा आणि आवाजानं जाड. तो मी कधी हातातही घेतला नव्हता. तरी फोन केला.

पलीकडून एका वयस्क माणसानं इंग्रजीत, ओळखपाळख न करता विचारलं, "तीन-तीन मात्रांची सात घरं गप्प बसायचं आहे. आठव्या घरात दुसऱ्या मात्रेला वाजवायचं. किती मात्रा सोडाल?"

मी म्हटलं, "ट्वेंटी-टू."

मग एकदम मराठी: "तुम्ही मराठी आहात काय जी?"

"हो, पण तुम्हाला कसं कळलं?"

"उत्तर द्यायच्या आधी तुम्ही सात त्रिक एकवीस म्हटलं ना! रविवारी दहाला या. नऊ पंचावन्नला आले तं बाहेर थांबा."

फोन ते नेहमी पूर्ण आवाजावर ठेवून कानाला घट्ट दाबत, हे मला फार नंतर कळलं.

त्यांचं नाव मी इथे देत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. आम्ही त्यांना काका म्हणत असू. व्हायोलिन वाजवणारी हेलन आणि पायांमध्ये उभा धरायचा भलामोठा चेलो वाजवणारा लुकही काकाच म्हणत, कारण त्यांची समजूत होती की ते त्यांचं नाव आहे. हेलनला एकदा ख्रिसमसच्या कार्डावर त्याचं स्पेलिंग हवं होतं तेव्हा हा उलगडा झाला. काकांनी स्वतः कुणाला नावानं हाक मारली नाही. हेलन 'व्हायोलिन', लुक 'चेलो' आणि मी 'व्हायोलाबाई'. बाई फक्त मलाच का लावलं, हे विचारल्यावर म्हणाले, "तुम्ही मराठी. नुसतं व्हायोला म्हटलं तं उद्धट वाटते."

ते मूळचे नागपूरचे, वय तेव्हा सत्तर. टोरांटोत तेहतीस वर्षं लिफ्ट तपासायचं काम केलेलं. गिटार त्यांना तिथेच भेटली. बरोबर काम करणारा एक पोर्तुगीज मेकॅनिक जेवणाच्या सुट्टीत, इमारतीच्या अगदी वर, लिफ्टच्या मोटरच्या खोलीत बसून वाजवायचा. काका त्याला आपल्या डब्यातलं देत आणि तो त्यांना धडे देई. "मोटरच्या आवाजात शिकलो," ते सांगत, "म्हणून मला हळू वाजवण्याची किंमत समजते."

तालीम त्यांच्या बेसमेंटमध्ये. तिथे चार खुर्च्या, चार स्टँड आणि आर्द्रता दाखवणारी तीन घड्याळं होती. तीन का? "दोन असली आणि भांडली तं कोणाचं ऐकायचं?" हे उत्तर ऐकलं आणि हा माणूस मला पसंत पडला. कॅनडाच्या हिवाळ्यात घर तापवलं की हवा पापडासारखी कोरडी होते आणि गिटारच्या लाकडाला तडा जातो. काकांना तिथे पंचेचाळीस टक्के हवे असत, त्रेचाळीसला ते अस्वस्थ होत आणि एक्केचाळीसला वर हाक मारत, "डाळ टाक!" मग काकू मुगाची डाळ उघड्या पातेल्यात शिजायला ठेवत आणि बेसमेंटचं दार उघडत. वाफ खाली येते हे मला पटत नव्हतं. मी दोन रविवार आकडे लिहून पाहिले. डाळीनं दीड टक्का फरक पडत होता. काका म्हणाले, "तुरीनं एकच पडते. मूग गिटारला मानवतो."

उजव्या हाताची नखं हा दुसरा विषय. गिटार नखांनी वाजते, त्यामुळे तो हात त्यांनी संसारातून निवृत्त केला होता. हस्तांदोलन डाव्या हातानं. फावड्यानं बर्फ उपसताना उजव्या हातात ओव्हनचा जाड मोजा. मंडळाच्या गणपतीला आरतीत ते टाळ्या वाजवत नसत, उजवी मूठ मिटून डाव्या हातानं मनगटावर थापट्या मारत, आणि नवीन आलेल्या मंडळींना वाटे की कसलातरी नवस आहे. भाकरी काकू मोडून देत. एकदा नख तुटलं, तर त्यांनी टेबल टेनिसचा चेंडू कापून त्याचा तुकडा डिंकानं चिकटवला आणि त्यावर तीन आठवडे वाजवलं. "नखापेक्षा बरं," ते म्हणाले. "वाढत नाही."

आम्ही जे वाजवत होतो ते दोनशे वर्षांपूर्वी एका इटालियन माणसानं चार वाद्यांसाठी लिहिलेलं होतं. त्याच्या दुसऱ्या भागात एक जागा आहे जिथे आम्ही तिघं गप्प बसायचं आणि गिटारनं एकटीनं बोलायचं. कागदावर उभ्या रेघा मारून सुरांची घरं पाडलेली असतात. अशी तेवीस घरं आमच्यासाठी रिकामी होती, प्रत्येकात तीन मात्रा. तेवीस संपली की चोविसाव्याला तिघांनी एकदम शिरायचं. पहिल्या तालमीला हेलन बाविसाव्याला शिरली, लुक एकविसाव्याला, आणि मी चोविसाव्याला, एकटी.

काकांनी वाजवणं थांबवलं, पेन्सिल घेतली आणि घरं मोजली. मग इंग्रजीत जाहीर केलं, "वर्षभर तुम्ही दोघं चुकून राहिले आणि मीही तुमच्या मागे चुकलो. आजपासून सगळ्यांनी या बाईंच्या मागे जायचं." मला म्हणाले, "मोजत राहा. भाव आपोआप येतो. न मोजता आलेला भाव लवकर येऊन बसते, या चेलोसारखा."

लुक हसला. तो मॉन्ट्रियलचा, पोस्टमन. रागावला की फ्रेंच बोलायचा आणि ते आम्हा तिघांनाही कळायचं नाही, त्यामुळे भांडण टिकत नसे.

काकांचा एकच नियम होता, आणि तो त्यांनी भिंतीवर लिहिलेला नसला तरी लिहिल्यासारखाच होता. गिटार ही पाहुणी, बाकीचे घरचे. पाहुणीचा आवाज मुळात लहान. ती ऐकू आली नाही तर घरच्यांनी आवाज कमी करायचा. तिच्यासमोर मायक्रोफोन ठेवायचा नाही, कारण "पाहुणीला ओरडायला लावणारं घर चांगलं नसते." आम्ही मोठ्यानं वाजवलं की ते न थांबता म्हणत, "हळू!" हा शब्द हेलन आणि लुकलाही कळू लागला. लुकनं तो स्वतःच्या कागदावर इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवला होता, चार ठिकाणी.

पण २०१७ च्या पानगळीत 'हळू' फार वाढलं. एका रविवारी लुकनं गज खाली ठेवला. "काका, याहून हळू वाजवलं तर मी नुसता हात हलवीन."

"मग हात हळू हलवा."

"हा अन्याय आहे."

"आवाज आहे," काका म्हणाले. "टू मच."

अशी भांडणं मला सहन होत नाहीत, कारण दोघांपैकी कुणाकडेच आकडा नसतो. पुढच्या रविवारी मी फोनवर आवाज मोजायचं एक साधन घेतलं. फोन दर वेळी त्याच कपाटावर, त्याच कोपऱ्यात, बेसमेंटचं दार बंद करून. आमच्या तिघांचा आवाज ऑक्टोबरात सरासरी एकाहत्तर डेसिबल होता, डिसेंबरात सहासष्ट आणि मार्चमध्ये एकोणसाठ. म्हणजे आम्ही खरोखर खूप हळू झालो होतो. आणि 'हळू' किती वेळा म्हटलं गेलं तेही मी त्याच वहीत रेघा मारून ठेवत होते. ऑक्टोबरात एका तालमीला अकरा वेळा, डिसेंबरात चौदा, मार्चमध्ये सतरा.

वजन कमी होत असताना काटा जास्त दाखवू लागला, तर माझ्या कामात आम्ही वजनाकडे बघत नाही. काट्याकडे बघतो.

मी सतरा रेघा पुन्हा पाहिल्या. कुणाला उद्देशून ते मी बाजूला लिहिलं होतं. लुकला नऊ, मला सात आणि हेलनला एक. व्हायोलिन तर सगळ्यांत वरच्या पट्टीत, सगळ्यांत टोकदार. तेच काकांना खुपत नव्हतं. चेलो आणि व्हायोलाचे जाड आवाज खुपत होते. वही मिटून मी पिशवीत ठेवली आणि पुढचे तीन आठवडे काही बोलले नाही.

न बोलण्याचं कारण होतं. काकांनी नोकरी कशी सोडली ते त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. लिफ्ट ते कानानं तपासत. डोळे मिटून एकदा वर, एकदा खाली, आणि मग सांगत की कुठला भाग घासतोय. एका सोमवारी त्यांनी एक लिफ्ट ठीक आहे असं सांगितलं. बरोबरच्या तरुण मुलीनं म्हटलं, नवव्या मजल्यापाशी काहीतरी घासतंय. काका पुन्हा गेले. त्यांना काही ऐकू आलं नाही. लिफ्ट थांबवून तिथला रूळ पाहिला, तर घासत होतं. निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती. त्यांनी त्याच दिवशी हत्यारांची पेटी त्या मुलीला दिली आणि घरी आले. "जे ऐकू येत नाही, त्याच्यावर सही करायची नाही," ते मला म्हणाले. आवाजात दुःख नव्हतं. नियम सांगावा तसं सांगितलं.

आता कानाचं कळलं तर ते गिटारचंही तेच करतील, याविषयी मला शंका नव्हती. आणि जूनमध्ये मिल्टनच्याच एका चर्चच्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम ठरला होता. काकांच्या आयुष्यातला लोकांपुढचा हा पहिला. त्यासाठी ते वर्षभर नखं सांभाळत होते.

त्याआधी रंगीत तालीम म्हणून एप्रिलमध्ये आम्ही व्हिटबीला ज्येष्ठांच्या एका निवासात वाजवायला गेलो. दुपारी दोनची वेळ, समोर छत्तीस माणसं, त्यांतली पाच झोपलेली. आम्ही काकांना हवं तसं वाजवलं. गिटारचा एकेक सूर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत होता. काका खूश होते. संपल्यावर निळा स्वेटर घातलेल्या एक आजी चालायच्या काठीवर टेकत पुढे आल्या, त्यांनी काकांचा डावा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "किती सुंदर वाजवलंत!" मग आम्हा तिघांकडे वळून अतिशय प्रेमानं म्हणाल्या, "आणि तुम्ही तिघं त्यांच्याबरोबर बसायला आलात, हे फार छान केलंत."

परतीच्या रस्त्यावर लुक इतका हसला की हेलननं त्याच्या हातून गाडी काढून घेतली. "सोबत! आम्ही सोबत बसतो! अडीच वर्षं सराव करून मी सोबत बसायला शिकलो!" मीही हसले. काका पुढच्या सीटवर खिडकीतून बाहेर बघत होते. मिल्टनच्या आधी एक वळण राहिलं तेव्हा ते म्हणाले, "मला तं तुम्ही बरोबर ऐकू आले."

हेलननं वळण घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी काकूंना फोन केला आणि काका बाहेर गेलेत याची खात्री करून घरी गेले. काकू कोथिंबीर निवडत होत्या. मी आकडे सांगितले. काकूंनी काड्या बाजूला सारल्या.

"अगं, मला आकडे कशाला सांगतेस? मायक्रोवेव्ह बोंबलते आणि हे त्याच्याजवळ बसून पेपर वाचत राहतात. दोन वर्षं झाली."

"मग तुम्ही सांगितलं नाहीत?"

"आणि गिटार ठेवून दिली तं? लिफ्ट सोडली तेव्हा सहा महिने घरी होते. माझ्या मसाल्याच्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या बाप्पा! हळदीला हळद लिहिलं. हळद दिसत नाही का मला?" मग त्या म्हणाल्या, "तू नको सांगू गं. जून होऊ दे."

काकूंचं म्हणणं मला कळत होतं. पण मी बावीस वर्षं काट्यांवर सह्या करत आले आहे. चुकीचं दाखवणारा काटा माहीत असून जून होऊ देणं मला जमलं नसतं. आणि तो हॉल व्हिटबीच्या खोलीपेक्षा तिप्पट मोठा होता. तिथे आम्ही तिघं पुन्हा सोबत बसलो असतो, आणि त्याचा दोष लोकांनी आमच्या वाजवण्याला दिला असता.

हे मी कसं सांगणार होते, माहीत नाही. मला सांगावं लागलं नाही. रविवारी नऊ पंचावन्नला दार उघडं होतं. याआधी असं कधी झालं नव्हतं. हेलन आणि लुक यायचे होते.

"तुम्ही वहीत काय लिहून राहिल्या सहा महिने?" काकांनी विचारलं. "दाखवा."

मी दिली. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी सगळी पानं वाचली, तपासनीस वाचतो तशी, बोट ओळीखाली धरून.

"फोन तोच?"

"तोच."

"जागा?"

"तीच. दार बंद."

"डाळ होती काय वर? पातेलं उकळलं तं आवाज होते."

"डाळीच्या दिवशी तारखेखाली रेघ आहे. फरक पडत नाही."

त्यांनी मान हलवली. मार्चच्या पानावर बराच वेळ थांबले. "चेलो नऊ. व्हायोला सात. व्हायोलिन एक." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हणजे काटा मी आहे."

"हो, काका."

त्यांनी वही मला परत दिली. गिटार पेटीत ठेवली. पेटीला चार कड्या होत्या, त्या एकेक करून लावल्या. मी त्या मोजल्या. वर काकू फरशीवरून चालत होत्या आणि त्या थांबल्या, तेही ऐकू आलं. मला.

"चर्चला कळवून टाकतो," ते म्हणाले. "जे ऐकू येत नाही त्याच्यावर..."

"काका," मी त्यांना मध्येच तोडलं. हे मी कधीच करत नसे. "आमच्याकडे काटा चुकला तर आम्ही काटा फेकत नाही. तो किती चुकतो ते मोजतो, कागदावर लिहितो, आणि तेवढं धरून वापरतो. न चुकणारा काटा मी अजून एकही पाहिलेला नाही. फेकतो कुठला, तर ज्याचं चुकणं मोजता येत नाही तो. तुमचं येतंय. चार पानं आहेत."

"आणि सही?"

"सही मी करते. वाजवायचं तुम्ही, हळू म्हणायचं मी. कान दाखवून येईपर्यंत."

वरून काकूंचा आवाज आला, "अहो, एक्केचाळीस झालं का? डाळ टाकू?"

हे त्यांना ऐकू आलं की त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं, मी सांगू शकत नाही. त्यांनी तीन घड्याळांकडे पाहिलं. सत्तेचाळीस होतं. "टाक," ते ओरडले, आणि पहिली कडी उघडली.

कानाच्या डॉक्टरनं नंतर तेच सांगितलं जे रेघांनी सांगितलं होतं. वरच्या पट्टीतला टोकदार आवाज कमी झाला होता. गिटारची तार नख लागताच जी चमकते, नेमकी तीच चमक. खालचा जाड आवाज शाबूत होता, म्हणून लुक आणि मी त्यांच्या कानात बसून राहिलो होतो. काकांनी डॉक्टरकडून आलेखाची प्रत मागून घेतली आणि माझ्या वहीत, मार्चच्या पानासमोर चिकटवली.

यंत्रं आली मे महिन्यात, दोन्ही कानांना, तांदळाच्या दाण्यांएवढी असं काकू सांगत. मी पाहिली, तांदळापेक्षा बरीच मोठी होती. त्या रविवारी आम्ही सुरुवात केली आणि दोन मिनिटांत काका थांबले.

"तुम्ही चोरून काहून वाजवून राहिले? वाजवा ना!"

लुक उभा राहिला, त्यानं वर बघून फ्रेंचमध्ये देवाला काहीतरी म्हटलं, बसला, आणि दीड वर्षाचा साठलेला चेलो वाजवला. कपाटावरच्या फोननं चौऱ्याहत्तर दाखवले. काका म्हणाले, "इतकं नाही बे." पण हसत होते.

मग दुसरा भाग. आम्ही तिघं गप्प झालो. काका एकटे वाजवू लागले. आणि आठ-दहा घरांनंतर त्यांनी तारांवर हात ठेवला.

"कोण बोलून राहिलं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"कोणीतरी बोलून राहिलं आहे. मराठीत. सारखं."

हेलननं अगदी निरागसपणे गजानं माझ्याकडे दाखवलं. "ती. ती नेहमीच मोजते. आम्ही त्यावरच तर येतो."

मी मनात मोजत नव्हते. मी कधीच मनात मोजत नव्हते. दीड वर्ष मी दर रविवारी तेवीस घरं तोंडानं मोजत होते, 'एक दोन तीन, दोन दोन तीन, तीन दोन तीन' असं, पहिला आकडा घराचा, आणि हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. एक काका सोडून, ज्यांना ते ऐकू येत नव्हतं.

"तुम्हाला मराठी आकडे समजतात?" काकांनी लुकला विचारलं.

लुकनं घसा साफ केला. "एकवीस, बावीस, तेवीस," तो म्हणाला, सगळे 'व' मॉन्ट्रियलच्या उच्चाराचे. हेलननंही म्हणून दाखवलं, एकपासून, न अडखळता. पुढचा आकडा विचारला तर दोघांनाही येत नव्हता. तेवीसनंतर ते वाजवायला लागत, त्यामुळे त्यांचं मराठी तिथेच संपत असे.

काकांनी माझ्याकडे बघून कपाळाला डावा हात लावला. "माझा आयुष्यातला एकटा वाजवायचा तुकडा, आणि त्याच्यावर पाढे! कार्यक्रमात एक अक्षर ऐकू आलं तं बघा."

पुढचे चार रविवार मी ओठ दाबून बसायला शिकले. हेलन आणि लुक स्वतः मोजायला शिकले, किंवा तसं म्हणाले.

जूनमधल्या त्या शनिवारी, दुपारी तीनला, हॉलमध्ये एकाहत्तर माणसं होती. काकांच्या वयाएवढी, असं मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मी मागच्या महिन्यात बहात्तरचा झालो. एक कमी आहे." तेवढ्यात माझा नवरा गाडी लावून आत आला, आणि ते शांत झाले. मायक्रोफोन नव्हता. पहिला भाग चांगला गेला. आमचे तिघांचे आवाज ऐकू येत होते आणि त्यांच्यामधून गिटारही, हे मी समोरच्या माणसांच्या डोळ्यांवरून सांगू शकते, ते चौघांकडे आळीपाळीनं बघत होते.

दुसऱ्या भागात आम्ही गप्प झालो. मी ओठ इतके दाबले की दात लागले. हॉल मोठा, अनोळखी, गिटार एकटी. दहाव्या घराच्या सुमारास मी हेलनकडे पाहिलं. तिची नजर माझ्या तोंडावर होती आणि त्या नजरेत शुद्ध भीती होती. लुककडे पाहिलं, तोही माझ्या तोंडाकडेच बघत होता. त्यांनी मोजलं नव्हतं. दोघंही हरवले होते. मी डोळ्यांनी सांगू बघितलं, पण तेवीस डोळ्यांनी सांगता येत नाही, आणि शब्द दिला होता. घरं जात होती. पंधरा. सोळा. चुकीच्या जागी कुणीतरी शिरणार आणि काकांचा एकमेव तुकडा त्याखाली चिरडणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

काकांनी मान वर केली. एकदा आम्हा तिघांकडे पाहिलं. बोटं तशीच चालू होती, एकही सूर हलला नाही. आणि सुरांच्या मधून त्यांचा आवाज आला, नागपूरचा, खणखणीत:

"अठरा दोन तीन. एकोणीस दोन तीन. वीस दोन तीन."

पहिल्या रांगेत काकूंनी पदर तोंडाला लावला.

"एकवीस दोन तीन. बावीस दोन तीन. तेवीस दोन तीन."

आम्ही तिघं एकदम शिरलो. इतके एकदम आम्ही बेसमेंटमध्ये कधीच शिरलो नव्हतो.

लोकांना तो त्या संगीताचाच भाग वाटला. बाहेर पडताना एका गृहस्थांनी मला विचारलं की मधली ती प्रार्थना कुठल्या भाषेतली. मी म्हटलं, मराठी.

दोन वर्षांपूर्वी काका-काकू मुलीकडे हॅलिफॅक्सला राहायला गेले. तिनं बोलावलं तेव्हा काकांनी समुद्रकाठच्या आर्द्रतेचे बारा महिन्यांचे आकडे आधी मागवले आणि मगच हो म्हटलं. तिथे डाळ आता कुकरमध्ये होते.

कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग नवऱ्यानं केलं होतं. एरवी आम्हाला 'हळू' म्हणणाऱ्या माणसाचा 'तेवीस' त्यात गिटारपेक्षा कितीतरी मोठा आहे. नवीन यंत्रं कानात असल्यामुळे स्वतःचा आवाज किती होतोय हे त्यांना बहुधा अजून कळत नव्हतं. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी काकांनी फोनवर विचारलं होतं, "मी हळूच मोजलं ना जी?"

मी रेकॉर्डिंग पुन्हा लावून पाहिलं होतं. गिटार साठ, काका अडुसष्ट. वहीत तसं लिहून ठेवलं आहे.

"हो काका," मी म्हटलं. "जेमतेम ऐकू आलं."